महेश्वरीच्या एकोणीस ओळी

मुलांनो, डोळे मिटून सोलापुरातली एक शाळा नजरेसमोर आणा. नको, मिटू नका. मग पुढचं वाचणार कसं? तर या शाळेची घंटा शिपाई वाजवत नाही, संगणक वाजवतो. त्याचा प्रोग्राम आठवीतल्या पाच जणांनी मिळून लिहिला. सगळं काम एका सामायिक कोठारात, म्हणजे रेपोत, राहतं आणि कोणती ओळ कोणी केव्हा बदलली याची तिथे नावानिशी नोंद होते.

त्यातल्या एकोणीस ओळी महेश्वरीच्या. पुण्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या यादीत पाचांपैकी तिचंच नाव आलं म्हणून तिने नवी चप्पलही घेतली होती.

मग शिक्षण कार्यालयाचं परिपत्रक आलं: ‘यादीतील प्रत्येक विद्यार्थ्याचे योगदान सामूहिक कामातून पृथक करून मूळ स्वरूपात सादर करावे.’

“सर, माझ्या ओळींची प्रत काढून देते की,” महेश्वरी म्हणाली.

“मूळ म्हटलंय. झेरॉक्स चालत न्हाय,” तिचे वर्गशिक्षक प्रभुलिंग सर म्हणाले. “तितल्या काढ, हितं दे.”

“काढल्या तर घंटा बिघडंल, सर.”

“घंटेचा विषय परिपत्रकात हाय का?”

नव्हता. तिने ओळी रेपोतून काढल्या, कागदावर छापून दिल्या. सरांनी शिक्का मारून तो लगेच कार्यालयात पोचवला.

कार्यालयातल्या साहेबांनी तो कागद टेबलावर ठेवून दहा मिनिटं वाट पाहिली. वाजला नाही. शेरा पडला: ‘स्वतंत्रपणे चालत नाही. अपात्र.’ यादीतून महेश्वरीचं नाव गेलं.

इकडे साडेपाच वाजले, तरी शाळा सुटायची घंटा होईना. ती नेमकी त्या एकोणीस ओळींत होती. घंटेशिवाय शाळा सोडायची नाही, हा नियम. फाटकाबाहेर पालक, आत मुलं, मधे नियम. सहा वाजता सरांनी कालचाच धडा पुन्हा शिकवायला घेतला. सात वाजता तेही थकले.

“पोरी, टाक त्या ओळी परत.”

“टाकते की. पर मूळ प्रत तुमी कार्यालयात दिली. ती आणा.”

“दाखल झालेला कागद परत मिळत न्हाय. रेपोत जुनी नोंद असंल की, तितनं घे.”

“ती झेरॉक्स झाली, सर. चालंल?”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग फाटकाकडे. “चालंल.”

घंटा झाली. शाळा क्षणात रिकामी. महेश्वरीचं नाव यादीत परत आलं का, हे विचारायला एकही जण थांबला नाही. तुम्हीही नाही; दप्तर उचललेलं दिसतंय मला.

ती मात्र गालात हसत संगणकासमोर बसून होती. ओळी परत टाकताना ‘बदल कोणी केला’ या रकान्यात तिने लिहिलं होतं: प्रभुलिंग सर. आता सरांनाच सामूहिक कामातून पृथक करायला सांगणाऱ्या पुढच्या परिपत्रकाची ती निवांत वाट बघू लागली.