बोलण्याआधीचे सतरा टप्पे

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली समोर आणा. दारावर ठळक पाटी : 'वाचासुधार केंद्र. आत बोलू नये.' हसू नका. पाटी नियमानुसारच लावलेली होती.

आत बाकावर चिमणी आणि तिचा काका बसले होते. चिमणी सहा वर्षांची. तिच्या तोंडात 'क' शिरला की 'त' होऊनच बाहेर पडायचा. त्यामुळे काकाचा ताता झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. पण शाळेला वाटत होतं. महिनाअखेर 'बोलण्यास योग्य' असा केंद्राचा दाखला आला नाही, तर पोरगी आणखी एक वर्ष बालवर्गात बसणार होती, आणि तिची जिवाभावाची मैत्रीण एकटीच पहिलीत जाणार होती. म्हणून काका आपलं कुलूपदुरुस्तीचं दुकान सकाळी बंद ठेवून हेलपाटे घालत होता.

केंद्रात दोन विभाग. स्नायू विभाग म्हणे, आधी तोंड बळकट व्हायला हवं. संवेदना विभाग म्हणे, आधी आपण तोंड आहोत हे तोंडाला कळायला हवं. दोघांमधून विस्तव जात नव्हता, त्यामुळे दोघांचेही टप्पे ठेवले होते. एकूण सतरा. इकडे चिमणीने शिट्ट्या फुंकल्या, नळीने कागदाचे कपटे ओढले, जिभेने नाक गाठायची खटपट केली. तिकडे तिच्या गालांवर ब्रश फिरला, ओठांवर बर्फ फिरला, आणि का कोण जाणे, तिला झोक्यावरही बसवलं.

"बाई, हे सगळं झालं छान. पण ती बोलणार कधी?" काकाने विचारलं.

"बोलणं सतरावा टप्पा," स्नायू विभागाच्या बाई म्हणाल्या. "आत्ताच बोलली तर मधले टप्पे वाया नाही का जाणार?"

एका दुपारी दुकानात काकाच्या हातून एक किल्ली निसटली आणि टेबलाखाली गेली. चिमणी उताणी होऊन आत सरपटली. उताणं पडलं की जीभ आपसूक मागे सरकते, आणि 'क'ला तेवढंच हवं असतं.

"किल्ली इथंय," आतून आवाज आला. मग हळूच, चव घेतल्यासारखं, "काका."

त्या दुपारी दुकानातल्या एकूण एक किल्ल्या टेबलाखाली पडल्या. संध्याकाळपर्यंत पोरगी उठून बसूनही 'क' म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही विभाग प्रथमच एका खोलीत जमले.

"उच्चार आला कुठे?" केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"टेबलाखाली, साहेब," काका म्हणाला.

"टेबल आमच्या यादीत नाही." प्रमुखांनी फाईल चाळली. "नोंदीप्रमाणे मुलगी सातव्या टप्प्यावर आहे. सातव्या टप्प्यावरची मुलं 'क' म्हणत नाहीत."

"पण ही म्हणतेय ना."

"तीच तर अडचण आहे. दाखला सुधारणेचा असतो, आणि सुधारणा आमच्यासमोर व्हावी लागते. असं करा, तिला एकदा पूर्वीसारखं चुकीचं बोलायला सांगा. बाई शिट्टी फुंकवतील. मग तिनं बरोबर बोलावं. लगेच सही करतो."

प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं. महिना संपायला दोन दिवस होते. काका गुडघ्यांवर बसला.

"चिमणे, एकदाच. 'ताता' म्हण. मैत्रिणीबरोबर पहिलीत जायचंय ना तुला?"

"जायचंय," चिमणी म्हणाली. "पण काका, कालच कुठे मला जमलं. ते आज नाही जमत असं कसं सांगू?"

प्रमुखांनी टोपण लावलं. दोन्ही विभागांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. मुलीचं सहकार्य नाही, यावर त्यांचं प्रथमच एकमत झालं. मग चिमणीच्या बोलण्यावर बराच वेळ चर्चा झाली. तिला मात्र कुणी काही विचारलं नाही.

चिमणी उठून बाहेर आली. बाकावर चार वर्षांची एक मुलगी ब्रशची वाट बघत बसली होती. तिसरा टप्पा. चिमणी तिच्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "तुला काय आवडतं, सांग."

त्या मुलीचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. चिमणी वाट बघत राहिली. तिने मधेच वाक्य पुरं केलं नाही, शब्द सुचवला नाही, घड्याळ बघितलं नाही.

बाळांनो, ही गोष्ट तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला विचारा, तो किती वेळ थांबला असता. आणि उत्तर येईपर्यंत तुम्ही थांबून बघा.