पान एकतीसवरील अनामिक वस्तूबाबत

पान क्रमांक एकतीसवर एका मुलीच्या मनगटावर काहीतरी होतं आणि त्याला नाव नव्हतं. या प्रकरणावरून लोक आजही आमच्या समितीच्या नावानं बोटं मोडतात. म्हणून खरं काय घडलं ते मी, समितीचा सदस्य-सचिव या नात्याने, एकदाचं लिहून टाकतो.

आमचं प्रकाशन खातं सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तकं काढतं आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी वस्तुसूची देतं. पुस्तकात आलेली प्रत्येक वस्तू, तिचा वर्ग, तिचं पान. कवितासंग्रहालासुद्धा आम्ही सूची देतो. मागच्या वर्षी एका कवितासंग्रहात दोन कंदील, एक होडी आणि सतरा आरसे निघाले. ही सूची वाचतं कोण, असं विचारणारे खवचट लोक असतात. त्यांना मी उत्तर देत नाही.

तर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विज्ञानकादंबरी लिहून पाठवली. दूरच्या ग्रहावर कामाला गेलेली मुलगी, घरी एकटी आई आणि दोघींचं बोलणं. हस्तलिखित पहिल्याच बैठकीत मंजूर झालं, आता आणखी काय हवं? पण सूची करणारा कारकून पान एकतीसवर अडला. बाईंनी लिहिलं होतं, ‘तिने मनगटावरचं ते तोंडाजवळ नेलं.’ ‘ते’ म्हणजे काय, हे पुढेमागे कुठेही नव्हतं. नाव नाही तर सूचीत नोंद नाही आणि नोंद नाही तर छपाई नाही. यात कुणाचा काय दोष?

लगेच ‘कल्पित उपकरण नामकरण समिती’ नेमली गेली. अध्यक्षसाहेब दुसऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. आपण जन्मात एकही गोष्ट वाचलेली नाही, त्यामुळे आपलं मत निःपक्षपाती असेल, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. सोबत एक भाषातज्ज्ञ, एक आरेखकबाई आणि मी. पहिल्या बैठकीला लेखिकेला बोलावलं.

“बाई, ह्याला नाव का नाही दिलंत?” अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

“रोज वापरायच्या वस्तूला नावानं कोण हाक मारतं, साहेब? माझ्या वडिलांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, ‘हे बघा हो, बंद पडलंय.’ घड्याळ हा शब्द दुकानात कधीमधीच ऐकू यायचा.”

“म्हणजे नाव न घेण्याची तुमच्या घरातच रीत आहे,” भाषातज्ज्ञ म्हणाले आणि त्यांनी टिपून घेतलं.

मग बाईंनी एक विषयाला सोडून गोष्ट सांगितली. वडिलांची नजर जात होती. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, फार तर आठ. लेकीचं पहिलं पुस्तक आपल्या डोळ्यांनी वाचायचं, एवढाच हट्ट म्हाताऱ्याने धरला होता. “तुम्ही द्याल ते नाव मला चालेल,” बाई म्हणाल्या. “फक्त लवकर द्या हो.”

समितीला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं मी इतिवृत्तात स्वतंत्र परिच्छेद करून नोंदवलं.

नावाचं काम आम्ही त्याच आठवड्यात हाती घेतलं, उगाच आळशी म्हणू नका. भाषातज्ज्ञांनी एकशे चार नावं आणली. त्यांतली निम्मी उच्चारताना अध्यक्षसाहेबांची कवळी हलली म्हणून ती गळाली. उरलेल्यांतून ‘मनगटी द्विमार्गी ध्वनिवहन संच’ हे नाव तिसऱ्या महिन्यात एकमताने ठरलं. मी ते बाईंना कळवलं, तेव्हा त्या म्हणाल्या की वडील आता भिंग लावून वाचतात. मी म्हटलं, बरं झालं, भिंगाची सोय आहे.

पण नुसत्या नावाने भागत नाही. सूचीत वर्ग लिहावा लागतो. अंगावर घालायचं म्हणजे ते ‘वस्त्रे व अलंकार’ शाखेचं. बोलायचं म्हणजे ‘दळणवळण’ शाखेचं. दोन्ही शाखांनी उलट टपाली कळवलं की वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही ना-हरकत देत नसतो. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून रचनेचं काम निघालं, समितीच्या नावात ‘व रचना’ एवढं घातलं आणि आरेखकबाईंनी चित्र काढायला घेतलं.

चित्र काढताना त्यांच्या ध्यानात आलं की डाव्या मनगटाला माणसं घड्याळ बांधतात.

“मग उजव्याला बांधा,” मी म्हटलं.

“उजव्या हाताने सही करायची असते,” अध्यक्षसाहेब कडाडले. “मनगटाला ओझं बांधून सही करायची आणि सही बिघडली तर? जबाबदार कोण, तुम्ही?”

म्हणून उपकरण दंडावर नेलं. दंडावर नेलं तर तोंड तिथवर पोचेना, म्हणून एक नळी दिली. नळी खाली लोंबायला लागली, म्हणून तिला अडकवायला खांद्यावर पट्टा दिला. पट्ट्याने डावीकडे झुकायला होतं अशी शंका निघाली, म्हणून समतोलासाठी उजव्या दंडावर तेवढ्याच वजनाचा रिकामा डबा दिला. नाव मात्र मंजूर झालेलं होतं आणि मंजूर नाव बदलायचं म्हणजे पुन्हा एकशे चार. त्यामुळे ‘मनगटी द्विमार्गी ध्वनिवहन संच (दंडावर बांधावयाचा)’ असा सुटसुटीत मार्ग मी काढला. अध्यक्षसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

बाई पाचव्या महिन्यात कार्यालयात आल्या. चित्र त्यांनी आधी उभं धरून पाहिलं, मग आडवं धरून.

“अहो, ही पोर आईशी बोलतेय,” त्या शेवटी म्हणाल्या. “विहिरीत उतरत नाहीये.”

मी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. लेखक मंडळी हळवी असतात. त्या जाताना म्हणाल्या की वडिलांना आता वर्तमानपत्राचे फक्त मथळे दिसतात. मी ते समितीच्या कानावर घातलं. अध्यक्षसाहेबांनी तत्परतेने ठरवलं की मग नमुन्याला उशीर नको.

सुताराकडून, दोन राखीव धरून, लाकडाचे सहा संच करून घेतले. प्रत्येक सदस्याने पंधरा दिवस अंगावर वागवून लेखी अभिप्राय द्यायचा होता. भाषातज्ज्ञांनी लिहिलं, ‘संच हलका आहे. आवाज मात्र येत नाही.’ अध्यक्षसाहेब म्हणाले, “मला दोनदा आला. स्पष्ट नव्हता, पण आला.” त्यावर भाषातज्ज्ञांनी आपला अभिप्राय मागवून घेतला आणि ‘मात्र येत नाही’ खोडून ‘अधूनमधून येतो’ असं केलं. मलाही, खरं सांगायचं तर, जिन्यात एकदा आला होता.

“साहेब, ते लाकूड आहे,” आरेखकबाई म्हणाल्या.

“म्हणून काय झालं? मन लावून ऐकलंत का कधी?”

पुढच्या बैठकीत त्यांनाही आला. सगळ्यांना येत असताना एकटीलाच येत नाही, हे बढतीच्या वर्षात बरं दिसत नाही.

मग विचारू नका! समितीवाल्यांना संच मिळतात आणि आम्ही काय घोडं मारलंय, अशी इतर शाखांची ओरड सुरू झाली. शाखाप्रमुखांना द्यावे लागले, मग त्यांच्या हाताखालच्यांना. सुताराने चाळीस केले, मग दीडशे. व्हरांड्यात माणसं नळी तोंडाशी धरून येरझारा घालू लागली. शेजारच्या टेबलाशी काही विचारायचं असेल तरी उठून न विचारता नळीत विचारायची आणि उत्तर आलं नाही की ‘पलीकडचा उचलत नाही’ म्हणायची. काहींचे बंद पडले. दोन महिन्यांत तक्रार-नोंदवही ठेवावी लागली, मग दुरुस्तीची खिडकी, आणि खिडकीबाहेर रांग. रंगाची मागणी आली तेव्हा पांढरा आणि फिकट निळा असे दोन रंग मंजूर केले. पांढरा कनिष्ठांना.

बाईंना मी हे कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाबांना सांगते. पन्नास वर्षं दुकानात बसले, पण बंद पडलेलं लाकूड कुणी दुरुस्तीला आणलं नव्हतं.” मग म्हणाल्या, “त्यांना आता खिडकी कुठे आहे एवढंच कळतं. मोठ्या अक्षरात एखादी प्रत आधी छापून द्याल का? एकच? मी हात जोडते.”

प्रामाणिकपणे सांगतो, त्या दिवशी मी एका प्रतीची टिपणी लिहायलाही घेतली. पण सूचीशिवाय एक प्रत काढायची, तर उद्या कुणीही दोन मागेल.

अकराव्या महिन्यात ना-हरकती आल्या आणि पुस्तक छपाईला गेलं. तिथे नवीनच घोळ. आमची पुस्तकं सोळा पानांच्या फर्म्यात छापतात. हे पुस्तक आठ फर्म्यांचं, म्हणजे एकशे अठ्ठावीस पानांचं मंजूर होतं. त्यात एक पान वाढवायचं तर अख्खा फर्मा वाढतो. इकडे उपकरणाचं वर्णन ‘ते’ या एका अक्षरावरून नऊ पानांवर गेलं होतं. आकृत्या, नळीची लांबी, बांधण्याचा क्रम, सोडण्याचा क्रम. नऊ पानं कुठून तरी काढणं भाग होतं.

काय काढायचं, हे आम्ही सूची समोर ठेवूनच ठरवलं. जिथे वस्तू आहे त्या पानाला हात लावता येईना, सूची चुकली असती. शोधता शोधता मायलेकींचं बोलणं सापडलं. सलग नऊ पानं, आणि वस्तू एकही नाही! नुसतं बोलणं. अध्यक्षसाहेब म्हणाले, “देवानेच ठेवलीत.” आम्ही ती पानं काढली.

पुस्तक गाजलं हो. आजवर खात्याच्या कुठल्या पुस्तकाला नसतील इतकी पत्रं आली, चारशे बारा. मी एकूण एक उघडली. संच कुठे मिळतो, उजव्या डब्यात काय ठेवायचं, डावखुऱ्यांसाठी वेगळा निघणार का, फिकट निळा जावयाला मिळेल का. एक गृहस्थ तर नळी चावली जाते म्हणून चिडले होते. एवढा जिवंत प्रतिसाद मी नोकरीत पाहिला नव्हता.

लेखकाच्या प्रती पोचपावतीचा नमुना छापून येईपर्यंत देता येत नाहीत. तो आल्यावर मी स्वतः बाईंच्या घरी गेलो. एका खोलीत खिडकीशी म्हातारे बसले होते. बाईंनी पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी कव्हरावरून बोटं फिरवली, पानाची कड चाचपली आणि ते माझ्या दिशेने वळले.

“तुमचा आवाज खणखणीत आहे. तुम्हीच वाचा. माझ्या लेकीच्याने व्हायचं नाही.”

मला बरं वाटलं. मी पान एकतीस काढलं आणि नऊच्या नऊ पानं वाचली, आकृत्यांखालच्या ओळींसकट. म्हातारे मान किंचित कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“बांधून झालं का तिचं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“मग आता ती आईला काय म्हणते, तेवढं वाचा.”

मी पान उलटलं. पुढच्या पानावर यान निघून गेलं होतं.

“तो भाग जागेअभावी,” मी म्हणालो.

बाई उठल्या. वडिलांच्या खुर्चीशी जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती नऊ पानं तोंडपाठ सांगू लागल्या. म्हाताऱ्यांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. माझ्यापर्यंत शब्द पोचत नव्हते. माझ्या नळीचा पट्टा पावतीपुस्तकात अडकला होता आणि मी तो सोडवत होतो. सोडवून झाल्यावर मी सही घेतली आणि निघालो.

आता तुम्ही मला निर्दय म्हणणार. म्हणा. पण तुम्हीही इथवर वाचत आलात. संच दंडावर गेला, नळी आली, डबा आला, सगळं लक्ष देऊन वाचलंत आणि हसलातही. ती पोर आईला काय म्हणाली हे मी अजून सांगितलेलं नाही, हे एकदा तरी मनात आलं? त्या आंधळ्या माणसाखेरीज ते आजवर कुणीच विचारलेलं नाही, तेव्हा तुमचंही काही अडलेलं दिसत नाही.

तर ते राहू द्या. पांढरा देऊ, की फिकट निळा?