डाव्या पाट्याचा हुंकार

रंगनाथ वाघचौरे यांच्या ट्रकचा पुढचा डावा पाटा गोष्ट ऐकताना हुंकार देत असे. चाकावर गाडीचा भार तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याला ड्रायव्हर लोक पाटा म्हणतात. उजव्या पाट्याला गोष्टींची आवड नव्हती.

हे निष्पन्न व्हायला चार-पाच दिवस लागले. तोवर आम्ही सगळे त्याला बिघाड समजत होतो. दरवर्षीच्या पासिंगला गाडी आली तेव्हा पुढून 'कट्' असा आवाज आला, म्हणून आमचे निरीक्षक पटवेकर साहेब यांनी ती नापास केली. पुढच्या गुरुवारपर्यंत आवाज गेला नाही तर गाडी भंगारात, असं त्यांनी बजावलं. मी त्या परिवहन कार्यालयात लिपिक होतो. शेरा माझ्याच अक्षरात आहे.

रंगनाथ गाडी घेऊन गफूर मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, पहार घालून पाटा हलवून पाहिला, बुश बदलले, ग्रीस भरलं आणि शेजारी बसून फेरी मारली. गतिरोधकावर आवाज नाही. ब्रेक दाबला, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं, तरी नाही. परतताना रंगनाथना गप्प राहवेना. सवयीने त्यांनी सुरू केलं.

"तर तो कुंभार गाढव शोधत नदीवर आला..."

कट्.

"थांब. काय बोललास?"

"कुंभार नदीवर आला."

कट्.

"कधीपासून सांगतोस ही गोष्ट?"

"नऊ वर्षं झाली. गाव आलं की थांबायचं, निघालो की पुढे."

"मग बिघाड कसला शोधायला लावतोस माझा वेळ घालवून? ऐकतोय तो. हुंकार देतोय."

मिस्त्रींनी तसं लिहून दिलं : 'आवाजाचे कारण हुंकार. बदलण्याजोगा भाग नाही.'

पटवेकर साहेबांनी ते दोनदा वाचलं. "कारण पटलं," ते मला म्हणाले. "हुंकाराला सूट देणारं कलम आहे का बघा."

मी पाहिलं. रुग्णवाहिकेच्या भोंग्याला होतं. हुंकाराला नव्हतं.

चालकाने चाचणीपुरतं तोंड बंद ठेवावं, ही सूचना माझी. बुधवारी तसं करून पाहिलं. आवाज आला नाही, पण दोन किलोमीटरवर गाडी डावीकडे दोन इंच बसली. साहेबांनी खाली उतरून टेपने मोजलं. "रुसलाय," ते म्हणाले आणि मला 'डावीकडे कल' असं लिहायला लावलं. पुन्हा नापास.

गुरुवारी रंगनाथ आमच्या व्हरांड्यात बसून होते. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या.

"एवढं तोंड पाडू नका. गाडी गेली तर दुसऱ्याची चालवाल."

"गाडीचं नाही गं. कुंभार नदीच्या काठावर उभाय."

"कुठला कुंभार?"

रंगनाथ चपलांकडे बघू लागले. तेव्हा मीच त्यांना फाइलमधलं मिस्त्रींचं पत्र वाचून दाखवलं.

"नऊ वर्षं?" कौसल्याबाई म्हणाल्या. "आणि घरी आलात की 'पाणी दे' आणि 'दार लाव'! मला वाटलं, ह्यांच्याकडचं बोलणंच संपलं."

"लग्न झालं त्या साली तुलाच सांगायला घेतली होती. तू झोपलीस."

"अहो, बरं वाटलं म्हणून झोपले. कंटाळा आला असता तर जागी राहिले असते!"

कौसल्याबाईंनी न उघडलेला डबा पिशवीत परत ठेवला.

"चला, आज मी देते हुंकार. काय साहेब, एका गोष्टीला हुंकार एकाचाच असतो ना?"

दारात उभ्या साहेबांनी विचार केला. "एकाचाच. दोघं द्यायला लागले की सांगणारा घोटाळतो."

केबिनमध्ये चौघे बसलो. स्टिअरिंगला रंगनाथ, शेजारी कौसल्याबाई, मग साहेब, आणि खिडकीशी मांडीवर तक्ता घेऊन मी.

"कुंभार पाण्यात उतरला."

"हं."

"पाणी कमरेला लागलं."

"हं."

खाली सगळं शांत. गाडी सरळ चालली होती. तिसऱ्या किलोमीटरला साहेबांनी हळूच विचारलं, "गाढव पलीकडे आहे का?"

"साहेब, मध्ये बोलायचं नसतं," कौसल्याबाई म्हणाल्या.

कौसल्याबाई पहाटे चारला उठून सतरा जणांचे डबे करत. परतीच्या वळणावर त्यांचा हुंकार उशिरा येऊ लागला. मग आलाच नाही. त्यांचं डोकं रंगनाथच्या खांद्यावर टेकलं.

रंगनाथ बोलायचे थांबले. कार्यालयाचं फाटक अजून किलोमीटरभर लांब होतं. बोलावं तर आवाज होणार, न बोलावं तर गाडी कलणार. त्यांनी खांद्याकडे एकदा पाहिलं. या वेळी मात्र त्यांनी गोष्ट सोडली नाही.

"पाणी गळ्याशी आलं," ते हलक्या आवाजात म्हणाले.

खालून उत्तर आलं. नेहमीचं नव्हे. कोणी झोपलेलं असताना दाराची कडी लावावी, इतक्या बेताने आलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं पेन 'आवाज' या रकान्यावर होतं.

"लिहा," ते कुजबुजले, "नाही."

मी लिहिलं.

"आणि वाघचौरे, फाटकाशी थांबू नका. आणखी एक फेरी घ्या. तो माणूस गळ्याएवढ्या पाण्यात आहे."