साळवेसाहेबांची बुधली

पाळकसाहेब प्रार्थना सांगत असताना डोळे उघडे ठेवणारा आमच्या देवळात मी एकटाच, असं मला वाटायचं. साळवेसाहेब आले त्या रविवारी कळलं, दुसराही आहे. पाळकसाहेब हात वर करून "हे स्वर्गीय पित्या" म्हणत होते, तेवढ्यात वाऱ्यानं बाजूचं दार हललं आणि कुईं करून वाजलं. पहिल्या बाकावरून साळवेसाहेब उठले, अनवाणीच दारापाशी गेले, शर्टाच्या खिशातून तेलाची बुधली काढली, नळी बिजागरीला लावली आणि बुधलीचं बूड दाबलं. टक, टक. दार दोनदा पुढं-मागं करून पाहिलं, मान डोलावली, परत जागेवर येऊन डोळे मिटले. 'आमेन' म्हणायला ते सगळ्यांच्या बरोबर होते.

त्यांच्या बायकोनं, रूथताईनं, डोळे न उघडताच कपाळावर हात मारला. म्हणजे तिला टकटक ओळखीची होती.

आम्ही ख्रिस्ती लोक. आमचं गाव देवळाली प्रवरेच्या अलीकडं, उसात बुडालेलं. शहरात चर्च म्हणतात, आम्ही देऊळच म्हणतो. दगडी आहे, जुनं आहे. पाळकसाहेबांकडं बरीच गावं, ते मोटारसायकलवर येतात आणि उपासना झाली की जातात. देवळाची झाडलोट, घंटा, समया, सगळं आमची मार्था बघायची. मार्था म्हणजे माझी बायको. ती गेली आणि बाकांवर धूळ बसायला लागली. मी झाडू हातात घेतला नाही. का, ते मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग मंडळीनं नगरला निरोप दिला, आणि हे जोडपं आलं. साळवेसाहेब नागापूरच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचे. रिटायर झाले. घराला कुलूप लावून, दोन ट्रंका आणि एक गादी घेऊन टेम्पोतून आमच्याकडं उतरले. पगार नाही, काही नाही. देवाची सेवा करायची म्हणाले. मी म्हणालो, "शहरातली माणसं, आठ दिवसांत पळत्यात." ते साळवेसाहेबांनी ऐकलं. म्हणाले, "दादा, आठ दिवसांनी परत विचारा." आठ दिवसांनी स्वतःच येऊन दारात उभे राहिले. "विचारा आता."

देवळामागच्या खोलीत त्यांचा संसार लागला. लागला म्हणजे मी लावला. नळाला पाणी कधी येतं, सरपण कुठं ठेवायचं, ट्रंका भिंतीपासून लांब का ठेवायच्या, हे सगळं सांगितलं. चपला झटकून घालायच्या, विंचू निघतात, असंही सांगितलं. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "साधारण कुठल्या वेळेला?"

"त्यांना शिफ्ट नसती, साहेब."

रूथताई हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून माझी भाकरी तिच्याकडून यायला लागली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या हातची भाकरी मी बघितली. ती कुत्र्यानंसुद्धा लांबूनच बघितली."

आमच्यात रीत आहे. नवीन घर झालं, बाळ झालं, आजारातून माणूस उठलं, की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवायची. गाणी, प्रार्थना, मग एकेकानं उभं राहून देवाचे उपकार मानायचे. ह्यांनी खोलीत सभा ठेवली. कुणी नातवाबद्दल उपकार मानले, कुणी गुडघ्याबद्दल. साळवेसाहेब उभे राहिले. "देवळाची पाण्याची मोटर आता आवाज न करता चालते, त्याबद्दल," म्हणाले आणि बसले. पाळकसाहेब थोडा वेळ वाट बघत राहिले, आणखी काही येईल म्हणून. माझी पाळी आली. मी म्हणालो, "माझं काही न्हाई." खरंच नव्हतं.

आता बुधलीचं सांगतो. ती कायम डाव्या खिशात. सगळ्या शर्टांचा तो खिसा काळा. रूथताईनं आतून प्लास्टिक शिवलं होतं तरी काळा. वाजणारी वस्तू दिसली की साहेबांचा हात तिकडं जायचा. "आवाज म्हणजे तक्रार," असं ते म्हणायचे. "तक्रार कानावर आली की काम करायचं. पुढं ढकलायचं नाही." घरात शिरले की आधी दार हलवून बघायचे, मग सलाम करायचे. गावातले पाळणे, रहाट, शिवणयंत्रं, गिरणीचा पट्टा, शाळेचं फाटक, सगळं मुकं झालं. काळ्यांच्या घरी थोरल्याचं लग्न झालं, लोखंडी पलंग आला. पलंग वाजायचा. सासूनंच साहेबांना बोलावलं. "साहेब, पलंग लई बोलतो, आमच्या म्हाताऱ्याला झोप न्हाई." साहेबांनी सगळे नट आवळले, तेल सोडलं, आणि काम बरोबर झालं का बघायला पलंगावर बसून दणादणा उड्या मारल्या. अंगणात मांडव होता, पाहुणे होते. नवरदेव तोंड लपवून उसात गेला तो जेवायला आला नाही.

साहेबांचं तेल अंगाशी आलं ते एकदाच. ऊसतोडीच्या गाड्या आल्या. पाथर्डीकडचा एक गाडीवान रस्त्यात थांबला होता. साहेबांनी न विचारता त्याच्या चाकांना तेल पाजलं. दुसऱ्या दिवशी तो भांडायला आला. "काय केलं हो साहेब? गाडी वाजंना तर बैलांना वाटतं मागं गाडीच न्हाई. चालता चालता थांबून मागं बघत्यात." साहेब फार विचारात पडले. "हे मशीनमध्ये होत नाही," एवढंच म्हणाले.

त्यांना सगळ्या गावानं दारं उघडून दिली. मी दिलं नाही.

माझ्या घराचं दार वाजतं. वाजायचं. शनिवारी मार्था देवळात झाडलोट करायला जायची. बादली, झाडू, फडकी आमच्याच दारामागं असायची. संध्याकाळी दोन्ही हात भरून ती परत यायची आणि दार वाजायचं. आधी बारीक, मग जाड, मग मधेच थांबायचं आणि शेवटी एक छोटा आवाज. तो झाला की मी चुलीवर चहाचं पातेलं ठेवायचो. ती काही म्हणायची नाही, मीही नाही. ती गेल्यावर दार आपलं वाजतच होतं. मी उघडलं तरी, वाऱ्यानं हललं तरी. अगदी तस्साच आवाज नसायचा, पण हात पातेल्याकडं जायचा. वाईट नाही वाटायचं. बरं वाटायचं. माझ्याकडं तेवढंच राहिलं होतं.

हे कुणाला सांगायचं? साहेबांना मी एवढंच म्हणालो, "साहेब, माझ्या दाराला हात लावायचा न्हाई."

"का?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

तेव्हा तरी त्यांनी माझं ऐकलं. पण हाल झाले त्यांचे. माझ्याकडं बसले की दाराकडं पाठ करून बसायचे. मी उघडलं की डोळे मिटायचे, दात दुखत असल्यासारखे. एकदा रूथताई म्हणाली, "भाऊ, तुमच्या दाराच्या पायी ह्यांचं वजन उतरलं."

मग मी लेकीकडं तिसगावला गेलो. नातवाचा बाप्तिस्मा होता. किल्ली रूथताईकडं दिली, कोंबड्यांना दाणे टाकायला. परत आलो. कुलूप काढलं, दार ढकललं.

काहीच झालं नाही.

मी दार ओढलं, परत ढकललं. लोण्यातून गेल्यासारखं गेलं. बिजागऱ्या चकचकीत होत्या. कडी नवी होती, खाली फळीचा सडका तुकडा होता तोही बदललेला. मागून साळवेसाहेब आले. खिसा काळा, तोंड आनंदानं फुललेलं. "दादा, तुम्ही आम्हाला इथं बसवलं. आमच्याकडून काहीतरी नको का? म्हणून ठरवलं, दादा येतील तेव्हा..."

मी त्यांना काय काय बोललो, ते लिहीत नाही. गावातली कुत्री उठून बसली एवढं सांगतो. शेवटी म्हणालो, "माझी बायको ह्या दारातून यायची. तिचा आवाज हुता तो. तुमी पुसला." मला रडायला येत नाही, मला शिव्या येतात. त्या दिवशी शिव्याही संपल्या.

साळवेसाहेबांनी बुधली खिशातून काढली, तिच्याकडं बघितलं, परत ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूथताई आली. ओट्यावर बसली. पदरात शेंगा होत्या, त्या सोलत बसली. मग म्हणाली, "भाऊ, त्यांच्या बाजूनं बोलायला नाही आले. चुकलंच. पण एक सांगते. आम्हाला पोर होती. आजारी असायची. तिला झोप कशी ती नव्हती. जरा दार वाजलं, की दचकून उठायची, मग श्वास लागायचा. हा माणूस कामावरून आला की बूटसुद्धा न काढता घरभर तेल घालत फिरायचा. दारं, खिडक्या, पंखा, कपाट. शेवटी घरात एक आवाज राहिला नाही." एक शेंग सोलून झाली. "पोरही राहिली नाही. हात काही थांबला नाही त्यांचा. मीही थांबवला नाही."

मी आत गेलो आणि चहा ठेवला. दार न वाजता ठेवलेला तो पहिलाच.

दुपारी साळवेसाहेब आले ते रॉकेल, चिंध्या आणि राख घेऊन. "तेल काढता येतं," म्हणाले. "घालण्यापेक्षा अवघड आहे, पण येतं." ज्या माणसानं जन्मभर आवाज मारले, तो माझ्या उंबऱ्यात बसून आवाज जिवंत करायला लागला. खिळे काढले, रॉकेलनं धुतले, राखेनं घासले, मिठाचं पाणी लावून उन्हात ठेवले. परत बसवले. दार हलवलं.

"हा का?"

"न्हाई. हा मांजराचा हाय."

दुसऱ्या दिवशी परत. "आता?"

"जरा जाड पाहिजे."

"जाड म्हणजे किती?"

"आता काय सांगू, साहेब? मार्थाएवढा."

हे बरेच दिवस चाललं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून आपापली मतं द्यायला लागली. काळ्यांची म्हातारी म्हणाली, "मार्थाचं दार असं वाजत न्हवतं, दमून वाजायचं." साहेबांनी ते मन लावून ऐकलं, पण दार दमवायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांचे हात रॉकेलनं फाटले. मीच म्हणालो, "साहेब, ऱ्हाऊ द्या. वाजतंय ना कसंतरी. बास."

"कसंतरी नाही चालत, दादा," म्हणाले.

त्यातच रूथताईची प्लास्टिकची बादली फुटली. देवळाची झाडलोट आता तिच्याकडं होती. मी दारामागं बघितलं. मार्थाची पत्र्याची बादली होती तशीच होती, झाडू होता. म्हणालो, "ताई, ही घेऊन जा. पण झालं की इथंच आणून ठेवत जा. तिची जागा हाय ती."

शनिवार होता. साळवेसाहेब माझ्या घरात खाटेवर बसले होते, हातात बिजागरीचा खिळा नाही, काही नाही, हरल्यासारखे. मी आत चुलीपाशी. आणि दार वाजलं.

आधी बारीक. मग जाड. मग मधेच थांबलं. मग एक छोटा.

माझा हात पातेल्यावर होता. मी बाहेर आलो. दारात रूथताई, एका हातात बादली, दुसऱ्यात झाडू आणि फडक्यांचं गाठोडं. कमरेनं दार ढकललेलं, अडकलं म्हणून थांबलेली, मग पायानं जरा रेटलेलं. आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. ती म्हणाली, "काय झालं? बादली ठेवायला आलेय."

साळवेसाहेब हळू आवाजात म्हणाले, "मशीन तेच आहे, दादा. ऑपरेटर रिकाम्या हातानं येत नव्हता." आणि चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसला.

त्या दिवशी चहा तिघांना झाला. तेव्हापासून दर शनिवारी होतो. ताईला आता ठाऊक आहे, पण ती मुद्दाम करत नाही. हात भरलेले असतात, कमरेनंच ढकलावं लागतं.

मागच्या उपकारस्तुतीच्या सभेत पाळकसाहेबांनी मला ओलांडून पुढं जायचं ठरवलंच होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, "माझं दार वाजतंय, त्याबद्दल." आणि बसलो. पाळकसाहेबांना काही कळलं नाही. साळवेसाहेबांचं 'आमेन' सगळ्यांच्या आधी आलं.

साहेब बदललेत असं नाही. परवाच देवळाची घंटा ओढायचा दोर कुरकुरतो म्हणून वर चढले होते, खाली उतरवायला शिडी आणावी लागली. गावात ते अजून आधी दार हलवतात आणि मग सलाम करतात. फक्त माझ्याकडं आले, की माणसं चपला काढतात तशी ते खिशातून बुधली काढतात, बाहेर ओट्यावर ठेवतात, आणि मगच दार ढकलतात.