वऱ्हाड जमिनीवरच

सकाळी साडेआठला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुरण्यांच्या दारात भाड्याच्या दोन ट्रॅक्स जीपा उभ्या होत्या. वऱ्हाड आत बसलं होतं, नवरदेव अमरसिंह पुढच्या सीटवर होता आणि त्याची थोरली बहीण ड्रायव्हरच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होती.

ही बहीण म्हणजे स्क्वाड्रन लीडर डॉक्टर क्रांती कुरणे, हवाई दलातली फ्लाइट सर्जन. नावात सर्जन असलं तरी कापाकापी काही नसते. वैमानिक विमानात चढण्याआधी त्याची नाडी, झोप, सर्दी बघायची आणि तो उडायला लायक आहे का ते सांगायचं. त्यासाठी एमबीबीएसनंतर तिला बंगळूरला पुन्हा शिकायला धाडलं, यंत्रात बसवून गरगर फिरवलं, हवा काढून घेतलेल्या खोलीत कोंडलं. आणि एवढं सोसल्यावर सरकारनं तिच्या हाती एक शब्द दिला होता : अनफिट. तो उच्चारला की मिशाळ विंग कमांडरसुद्धा मुकाट जमिनीवर राही. वैमानिक तिला फार मान देत, म्हणजे ती येताना दिसली की शिंक दाबून धरत. असा अधिकार आठ वर्षं वापरलेलं माणूस घरी सुट्टीवर आलं की घरच्यांनी सावध राहायला हवं. कुरणे राहिले नाहीत.

लग्न मलकापूरला, जीपनं दीड तासाच्या वाटेवर होतं. कुरणे मुहूर्त मानत नव्हते, पण व्याही घड्याळ मानत होते, आणि पत्रिकेत साडेअकरा छापलं होतं.

"रात्री किती तास झोपलात?" क्रांतीनं ड्रायव्हरला, आकारामला, विचारलं.

"रात्री कुठली झोप, ताई? कागलचं वऱ्हाड सोडून पहाटं आलो. तासभर पाठ टेकली की."

"अनफिट."

"म्हंजे?"

"म्हणजे खाली उतरा."

दुसरा ड्रायव्हर जोतीराम हे ऐकत होता. तो हुशार निघाला. "मी धा तास झोपलोय!" त्यानं आधीच सांगून टाकलं.

"दहा तास? लग्नसराईत?"

"सर्दीची गोळी घेतलीया की. लई भारी गोळी. अजून डोळं उघडंनात."

"अनफिट."

दोघेही समोरच्या लिंबाखाली आडवे झाले. झोपायचा हुकूम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता. तो त्यांनी मनापासून पाळला.

"क्रांते," बनाबाई, म्हणजे आई, ट्रॅक्समधून ओरडली, "मलकापूरला जायाचंय गं, चंद्रावर न्हाय!"

"आई, अपघात मलकापूरच्या रस्त्यावरच होतात. चंद्रावर होत नाहीत."

मग पिराजी पुढं झाला. पिराजी म्हणजे नवरदेवाचा बाप, एस्टीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. बत्तीस वर्षं नोकरी, एक ओरखडा नाही. "चावी आण हिकडं," तो म्हणाला. "डोळं झाकून न्हेतो."

डोळे झाकून हे शब्द नको होते. क्रांतीनं पट्टा बांधला. आकडा वर चढला तो खाली यायचं नाव घेईना.

"आबा, रक्तदाबाची गोळी घेतली?"

"लग्नाच्या घरात कुणी गोळ्या गिळतंय व्हय?"

गल्ली गोळा झाली होती. ह्याच माणसानं डबल ड्यूट्या मागून घेऊन तिची फी भरली होती, आणि तेव्हा तिनं एकदाही विचारलं नव्हतं की आबा, किती तास झोपलात. तिनं आकडा पुन्हा वाचला, कमी दिसतो का बघायला. पण शिक्षण फार पक्कं झालं होतं.

"अनफिट, आबा."

डोक्यावरचा नवा फेटा काढून पिराजीनं काखेत धरला, आणि एस्टी स्टँडकडं चालू लागला.

"मग आता तू चालव!" अमरसिंह किंचाळला.

आकाशातल्या माणसांचे निकाल लावण्याच्या गडबडीत क्रांतीचं जमिनीवरचं लायसन काढायचं राहून गेलं होतं.

शेवटी वऱ्हाड स्टँडवर गेलं आणि मलकापूरच्या एस्टीत शिरलं. नवरदेव नव्या सुटात दांडीला लोंबकळत होता. क्रांती पट्टा घेऊन ड्रायव्हरच्या केबिनकडं सरकली, तशी कंडक्टरनं घंटीच मारली. "ओ बाई, मागं व्हा! तिकीट काढायचं, तपासायचं न्हाय."

वऱ्हाड पोचलं तेव्हा सव्वा वाजला होता. मंडपाच्या तोंडाशी नवरीची आई, बायडाबाई, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"साडेअकरा वाजल्यालं कोल्हापुरात कळत न्हाय व्हय, पावणं?"

"हिला इचारा," बनाबाईनं लेकीला पुढं ढकललं.

क्रांतीनं सगळं सांगितलं. बायडाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तू न्हाय म्हणालीस की माणूस वर जात न्हाय?"

"कितीही मोठा असला तरी नाही."

"झ्याक की! आमची सोनम जल्मभर ज्याच्या भरवशावर बसणार, त्याला तपासलंस का?"

मंडपात एकच गिल्ला झाला. तपासा, तपासा! अमरसिंहाला खुर्चीत बसवलं, सुटाची बाही वर केली. क्रांतीनं पट्टा बांधला, नाडी धरली आणि मोजता मोजता थांबली. एकशे अठ्ठावीस. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पोटात नुसता चहा, त्यात दोन तास दांडीला लटकलेला. तिच्या नियमानं ह्या माणसाच्या हाती पतंगसुद्धा देता आला नसता.

पिराजीनं सकाळपासून पहिल्यांदाच तिच्याकडं बघितलं.

"काय निघालं?" बायडाबाईनं विचारलं.

क्रांतीनं पट्ट्याची गुंडाळी केली. ती नीट झाली नाही म्हणून पुन्हा केली.

"फिट."

"नक्की?"

"एकदम फिट. असा माणूस आमच्या आख्ख्या स्क्वाड्रनमध्ये नाही."

टाळ्या पडल्या. नवरानवरी बुद्धाच्या मूर्तीपुढं उभी राहिली. वंदना सुरू व्हायच्या आत सोनम हळूच म्हणाली, "ताई, माजं बी बघा की. मी बी रातभर जागीच हाय."

क्रांतीनं मनगट धरलं. नवरदेवापेक्षा बारा ठोके जास्तच.

"तूही फिट," ती म्हणाली, आणि मागं जाऊन पिराजीशेजारी उभी राहिली. म्हातारा जरासा सरकला.

"खोटं बोललीस," तो कानाशी म्हणाला.

"दोनदा."

"सरकारला कळलं तर?"

"नोकरी जाईल, आबा."

"जाऊ दे की," पिराजी फेटा डोक्यावर बसवत म्हणाला, "एस्टीत भरती चालू हाय."