खैरानमधला ऑस्ट्रिया

आधी चालवून बघितल्याशिवाय कोणतीही गोष्ट सुरू करायची नाही, हा चंद्रहास देवस्थळीचा बाणा होता. कुवेतमधल्या अहमदीच्या एका तेल कंपनीत तो वर्षानुवर्षं पंप, झडपा आणि मीटर सांभाळत होता. तिथे ही सवय गुणांत जमा होई. घरी ती नुसतीच सवय म्हणून खर्ची पडे. नवा कुकर आला की आधी त्यात नुसतं पाणी उकळून शिट्ट्या मोजायच्या. मुलीला शाळेत घालायच्या आधी तो आठवडाभर रोज सकाळी रिकामी गाडी शाळेपर्यंत नेऊन आणत होता. खऱ्या पहिल्या दिवशी शाळेला सुट्टी होती, एवढंच काय ते तालमीत कळलं नव्हतं.

त्यामुळे २००४च्या फेब्रुवारीत त्याने जाहीर केलं, की यंदा जुलैत नाशिकला न जाता आपण दोघं ऑस्ट्रियाला जाणार, तेव्हा सुचित्राने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तालीम कुठे आहे?" तिने विचारलं.

"खैरानला," चंद्रहास म्हणाला.

बेत असा होता. हॉटेलं परवडत नाहीत. तेव्हा भाड्याने मोटरहोम घ्यायचं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायचं त्यात, शिजवायचं त्यात आणि फिरायचंही त्यात, म्हणजे एका भाड्यात तीन खर्च मिटले. आठवडाभर डोंगरांतून भटकायचं आणि शेवटचे तीन दिवस व्हिएन्नाच्या वेशीबाहेर गाडी लावून, ट्रामचा पास काढून शहर बघायचं. जेवायला बरोबर नेलेली थालीपिठाची भाजणी. हे सगळं सांगताना चंद्रहासचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा उजळला होता.

"म्हणजे स्वयंपाकघर आपल्याबरोबर येणार," सुचित्रा म्हणाली.

"येणार."

"आणि संडासही."

"तोच तर फायदा आहे. खाली एक पेटी असते. भरली की तांबडा दिवा लागतो. ओढून काढायची, नेऊन रिकामी करायची, परत बसवायची."

"कोण नेणार?"

चंद्रहासने माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. फोटोत एक सोनेरी केसांचा माणूस पेटीला हातही न लावता डोंगराकडे बघत हसत होता.

सुचित्रा सरकारी इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डची सिस्टर होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, चोवीस वर्षं मी लोकांची भांडी उचलली. पगार घेऊन उचलली, माझी तक्रार नाही. पण स्वतःचे पैसे घालून, विमानाने जाऊन, डोंगर बघत बघत पुन्हा तेच करायचं असेल, तर मी नाशिकला बरी. तिथे निदान बाई येते."

"मी नेईन ना."

"तुम्ही? आपल्या क्षितिजाच्या लंगोटाला तुम्ही चिमट्याने हात लावायचात."

"तेव्हा अनुभव नव्हता. आता शब्द देतो."

"शब्द नको. तालमीत करून दाखवा. दाखवलंत तर ऑस्ट्रिया, नाहीतर नाशिक." मग भांडी पुसता पुसता तिने आणखी एक सांगितलं. "व्हिएन्नातल्या एखाद्या चौकात खुर्ची टाकून मला कॉफी प्यायची आहे. तासभर. आणि त्या तासात कुणी मला सिस्टर म्हणून हाक मारायची नाही."

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती आणि तिने स्वतःहून मागितलेली ही पहिलीच चैन होती. तीसुद्धा एका कपाची. चंद्रहासने त्याच क्षणी ठरवलं, की पेटी उचलायची. कितीही भरलेली असो.

मोटरहोम कुवेतमध्ये भाड्याने घेणं म्हणजे उंटाला शिकवणी लावण्यासारखं होतं. पण चंद्रहासचे साहेब अबू नासर यांच्याकडे एक होतं. हौसेने आणलेलं, मुलं मोठी झाल्यावर खैरानच्या त्यांच्या समुद्रकाठच्या बंगल्याशेजारी वाळूत उभं राहिलेलं. चंद्रहासने ते दोन दिवसांसाठी मागितलं.

"या मुहंदिस," अबू नासर म्हणाले. इंजिनिअरांना ते अरबीत असंच बोलावत आणि पुढचं सगळं आपल्या हिंदीत बोलत. "गाडी में क्यूँ? बंगला में छह कमरा खाली. एसी है. राजन खाना बनाता."

"नहीं अबू नासर, हम को गाडी में ही सोना है. खाना भी हम बनाएगा. कोई मदद नहीं. समझो हम इधर हैच नहीं."

अबू नासरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पाहुण्याने आपल्या दारात यावं आणि 'मी इथे नाही असं समजा' म्हणावं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तालीम सुरू झाली. नियम चंद्रहासने बनवले होते. बंगल्याची वीज घ्यायची नाही. टाकीतल्या पाण्यातच भागवायचं. बंगल्याच्या मागच्या अंगणातलं बाहेरचं शौचालय, ते म्हणजे ऑस्ट्रियातली पेटी रिकामी करायची जागा. डावीकडचा समुद्र हे सरोवर धरायचं. डोंगर मात्र कशालाच धरता येईना.

पहिलं थालीपीठ तव्यावर पडतंय न पडतंय तोच अबू नासरांचा स्वयंपाकी राजन डोक्यावर एवढी मोठी परात घेऊन हजर झाला. मटणाचा भात, वर तळलेला कांदा आणि काजू.

"ऑस्ट्रियात कोण आणून देणार आहे?" म्हणत चंद्रहासने परात परत पाठवली.

तासाभराने राजन फळं घेऊन आला. परत. मग विजेची लांबलचक वायर घेऊन आला. परत. मग गाद्या. गाद्यांकडे सुचित्राने जरा आशेने पाहिलं, पण नियम म्हणजे नियम. रात्री मोटरहोमच्या फळीवर दोघं कापणीतल्या पेंढ्यांसारखी एकाला एक लागून झोपली. एकाने कूस बदलायची तर दुसऱ्याची परवानगी लागत होती.

"अहो, सरका."

"आता सरकलो तर सरोवरात जाईन."

अंधारात ती हसली. तो हिशेबी माणूस. ते हसू त्याने ताबडतोब जमेला धरलं.

इकडे परत आलेल्या चार वस्तूंचा अबू नासरांनीही आपला हिशेब मांडला होता. माणूस बायकोला घेऊन गाडीत राहतो, एका चुलीवर भाकरी थापतो, वीज घेत नाही, मटण परत पाठवतो. म्हणजे एक तर त्याचं दिवाळं वाजलंय किंवा घरात मोठं भांडण झालंय. आणि बिचारा मानी आहे, सांगत नाही. त्यांनी चंद्रहासच्या हाताखालच्या जयदीपला फोन लावला.

शुक्रवारी सकाळी जयदीप, त्याची बायको प्रणिता आणि त्यांची जुळी मुलं मोटरहोमच्या दारात उभी होती. प्रणिताच्या हातात पावभाजीचं पातेलं होतं आणि चेहऱ्यावर दुःखात भेटायला गेल्यावरचा भाव.

"सर, सगळं ठीक आहे ना?" जयदीपने खालच्या आवाजात विचारलं. "अबू नासर विचारत होते, सरांचे शेअर बुडाले का. मग विचारलं, मॅडमनी घराबाहेर काढलं का. मी म्हटलं, तसं असतं तर मॅडम घरी असत्या, गाडीत कशाला असत्या?"

"जयदीप, ही ऑस्ट्रियाची तालीम आहे."

"हो हो, सर," जयदीप म्हणाला आणि बायकोकडे बघून त्याने हळूच मान हलवली. ती मान सांगत होती, की प्रकरण आपल्याला वाटलं त्यापेक्षा पुढे गेलंय.

सुचित्राने सगळं समजावून सांगितलं तेव्हा कुठे ती चौघं सैल झाली, पावभाजी खाल्ली आणि बसली. पावभाजी नियमात बसत नव्हती, पण चंद्रहासने ती 'परदेशात भेटलेली गाववाली माणसं' या सदरात घातली. जुळ्यांना मोटरहोमचा संडास फार आवडला. पायाने खटका दाबला की खालचं झाकण उघडतं आणि पाणी सुटतं.

"It's like a spaceship, uncle," एक म्हणाला.

दुसरा खात्री करून घ्यायला आत गेला. मग पहिल्याला पुन्हा लागली. मग प्रणिता. मग जयदीप. अकराच्या सुमारास आतून बारीकसा आवाज आला आणि दारावर तांबडा दिवा लागला.

"दिवा लागला," सुचित्रा म्हणाली. हातातला कप खाली ठेवून ती नवऱ्याकडे बघत राहिली. वॉर्डात नव्या पोरींची पहिली पाळी असते, तेव्हा ती अशीच बघत असे.

"सर, मी नेतो," जयदीप उठला.

"बस खाली," चंद्रहास म्हणाला. "ऑस्ट्रियात तू नाहीस."

त्याने बाहेरून झडप उघडली, पेटी ओढली आणि कडीला धरून उचलली. राखाडी रंगाची, चौकोनी, चांगलीच जड. वाळू तुडवत तो निघाला. मागचं अंगण पन्नासएक पावलांवर होतं, पण वाटेत बंगल्याची दिवाणिया लागत होती. दिवाणिया म्हणजे पुरुषांनी गालिच्यांवर बसून चहा प्यायची आणि जगाचं बरंवाईट ठरवायची बैठक. शुक्रवार म्हणजे सुट्टीचा वार असल्याने ती भरलेली होती. चंद्रहास खिडकीखालून वाकून चालला. भरलेली पेटी घेऊन वाकून चालणाऱ्या माणसाकडे जग जास्तच निरखून बघतं.

"या मुहंदिस!"

अबू नासर पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात दारात उभे होते. त्यांनी पेटीकडे पाहिलं. खैरानला मासे आणायच्या बर्फाच्या पेट्या अशाच असतात. राखाडी, चौकोनी, जड. परतवलेल्या मटणाचं सगळं कोडं त्यांना एका क्षणात उलगडलं. मानी माणूस, रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून पहाटे बंदरावर जाऊन मासे घेऊन आला.

"झुबैदी?" त्यांनी डोळे ओले करून विचारलं. पापलेटाला तिथे झुबैदी म्हणतात.

"नहीं, नहीं, अबू नासर—"

"इतना तकलीफ काहे को? लाओ, लाओ." त्यांनी कडी धरली.

"आप मत पकडो. भारी है."

"तुम मेहमान. मेहमान नहीं उठाता."

चंद्रहासने आपल्याकडे ओढली. अबू नासरांनी त्यांच्याकडे. दोघांच्या मधोमध पेटीने एक गंभीर हेलकावा खाल्ला आणि आत काहीतरी लांबवर समुद्रासारखं वाजलं.

"बरफ पिघल गया," अबू नासर म्हणाले आणि आणखी काळजीने आत ओरडले, "राजन! ताजा मच्छी. जल्दी लेके जाओ, खोलो, साफ करो!"

दिवाणियातली मंडळी बाहेर येऊन चपलांपाशी उभी राहिली. राजन सुरी घेऊनच आला आणि खाली बसून झाकणाकडे त्याने हात नेला.

चंद्रहासने मागे वळून पाहिलं. मोटरहोमच्या पायरीवर सुचित्रा उभी होती. इथून नुसतं सुटायचं, तर सोपं होतं. पेटी राजनच्या हातात द्यायची, 'नंतर सांगतो' म्हणायचं आणि लांब व्हायचं. उघडणारा उघडेल, धुणारा धुवेल. जगात अशी भांडी नेहमी दुसरंच कुणीतरी उचलत आलंय. त्याच्या घरात तर पगारावर उचलत आलंय.

तो वाळूत गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हात त्याने झाकणावर ठेवले.

"राजन, रुको. अबू नासर, ये मच्छी नहीं है. ये गाडी का संडास है."

राजनने सुरी पाठीमागे नेली. अबू नासरांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग दिशदाशाकडे, मग चंद्रहासकडे.

"तो तुम क्यूँ उठाता?" त्यांनी हळू विचारलं. "राजन है. नौकर है."

"मेरी बीवी अस्पताल में है ना, सिस्टर. चौबीस साल सब का उठाया. छुट्टी में मेरा नंबर है. मैंने बोला था."

अबू नासरांनी हे मागे वळून मंडळींना अरबीत सांगितलं. एक म्हातारा दाढीवरून हात फिरवत चार शब्द बोलला. काय बोलला ते चंद्रहासला कळलं नाही, पण चपलांपाशी उभ्या असलेल्या दोन तरुणांनी माना खाली घातल्या.

अबू नासर पुढे आले. त्यांनी दिशदाशाच्या बाह्या दुमडल्या.

"ठीक," ते म्हणाले. "लेकिन मेहमान अकेला नहीं उठाता."

आणि कडीची एक बाजू त्यांनी धरली. पुढे आखाताकाठचा मातब्बर साहेब, मागे नाशिकचा इंजिनिअर, मध्ये पेटी, अशी ती दिंडी मागच्या अंगणाकडे गेली. शौचालयाच्या दाराशी मात्र अबू नासर थांबले, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि हवापाण्याविषयी मोठमोठ्याने बोलू लागले. आतलं काम चंद्रहासने एकट्याने, नियमाप्रमाणे, दोनदा विसळून पुरं केलं.

दुपारी परात पुन्हा आली, तेव्हा कुणी ती परत पाठवली नाही.

संध्याकाळी दोघं आपल्या गाडीने घराच्या, सबाह अल-सालेमच्या रस्त्याला लागली. रस्त्यावरची नजर न काढता चंद्रहासने विचारलं.

"मग? निकाल काय?"

"तिकिटं काढा," सुचित्रा म्हणाली.

त्याने गाडी कडेला घेतली. अशी बातमी चालत्या गाडीत ऐकणं त्याच्या सुरक्षेच्या नियमात बसत नव्हतं. "खरं बोललो म्हणून ना? सगळ्यांसमोर?"

"ते बरंच केलंत. पण मी दुसरंच बघत होते." तिने त्याच्या बाहीवरची वाळू झटकली आणि हात तिथेच ठेवला. "नव्या पोरी येतात ना वॉर्डात, सगळ्यांत हुशार पोरगीसुद्धा पहिल्यांदा भांडं उचलताना तोंड फिरवते. तुम्ही झाकणावर वाकून बसलात आणि कपाळाला आठी नाही. नाकसुद्धा दाबलं नाहीत. चोवीस वर्षांत मी असं माणूस पाहिलं नाही."

चंद्रहासने तिच्या हातावर हात ठेवला. आदल्या रात्री फळीवर पांघरुणाशिवाय झोपून त्याला इतकी सणसणीत सर्दी झाली होती, की पावभाजीचासुद्धा वास आला नव्हता. हे सांगायला तोंड उघडलं होतं त्याने, पण ती इतक्या कौतुकाने बघत होती, की तो नुसताच शिंकला.

ऑस्ट्रियाची हवा फार स्वच्छ असते म्हणतात. चार दिवसांत नाक मोकळं होतं. तेव्हापासून जुलैपर्यंत त्याला एवढी एकच काळजी होती.