सात देशांचे डबे

मनीषानं रविवारी दुपारी खोकं स्वयंपाकघरात ठेवलं आणि ती कामाला बाहेर पडली, तिथेच सगळा घोटाळा झाला. तिचे बाबा कमलाकरराव पुण्याहून एडिनबराला लेकीकडे आले होते आणि रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

खोक्यात प्लास्टिकचे डबे निघाले. शेवाळलेले, चिखलानं माखलेले, पण झाकणासकट! प्रत्येकाला एकेक चिठ्ठी बांधलेली. कमलाकररावांनी बाह्या सरसावल्या, चिठ्ठ्या सोडल्या आणि डबे गरम पाण्यानं लख्ख धुतले.

सोमवारी सकाळी खोकं उचलायला बाबाही सोबत आले. मनीषा काम करत होती त्या समुद्र-परिषदेच्या हॉलमध्ये तिनं खोकं उघडलं आणि एकेक डबा उलटून पाहिला.

"बाबा, हे तुम्ही धुतलेत?"

"अगं, चांगले डबे आहेत. डाळी-बिळी ठेवायला..."

"एक्झिबिट्स होते ते, पुरावा! नॉर्थ सीमधला कचरा, काठच्या सात देशांचा. कुठला कोणाचा ते लेबलवर होतं. त्यावरून आज सफाईची जबाबदारी ठरणार होती. माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं आता!"

कमलाकररावांचा हात खिशाकडे गेला. चिठ्ठ्या तिथेच होत्या, वाळवून, रबरबँड लावून. कुठली चिठ्ठी कुठल्या डब्याची, तेही त्यांना पाठ होतं. पण तेवढ्यात दार उघडलं आणि सातही देश आत आले.

"हा आमचा नाही," नॉर्वेचे साहेब एक डबा उचलून म्हणाले.

"आमचा तर नाहीच," फ्रान्सच्या बाई म्हणाल्या.

"मग कोणाचा?" डेन्मार्कच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी विचारलं.

सातही जण त्या चकचकीत डब्यांवर वाकले.

"तीन वर्षं आपण लेबलांवरून भांडतोय," शेवटी जर्मनीच्या बाई म्हणाल्या. "आज लेबलंच नाहीत. कचरा सगळ्यांचा लिहा आणि सगळे मिळून साफ करू."

कराराचा कागद टेबलाभोवती फिरला. एकेक देश सही करत गेला. कमलाकरराव श्वास रोखून पाहत राहिले. त्यांच्या सोसायटीतल्या बारा फ्लॅटांचं कचऱ्याची बादली कुठे ठेवायची यावर दहा वर्षांत एकमत झालं नव्हतं, आणि इथे एक अख्खा समुद्र सात देशांनी आपला म्हटला होता! त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा," मनीषा कुजबुजली, "वाचले मी. पण लेबलं कुठेयत?"

"टाकली," कमलाकरराव म्हणाले.

मग ते हळूच कोपऱ्यातल्या कागदांच्या कचरापेटीपाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी जपून ठेवलेली वस्तू बारीक फाडून टाकून दिली. रबरबँड मात्र परत खिशात ठेवला.